तीन शहरांची साखर

मी रक्त काढते. रत्नागिरीतल्या एका लहानशा तपासणी केंद्रात गेली पंचवीसेक वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टी बांधून शीर शोधणं हाच माझा धंदा. रक्तच नाही, लघवी, थुंकी, शौचाच्या डब्या, सगळं माझ्या हाताखालून जातं. लोक डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवीत घालून, नजर चुकवून पुढे करतात आणि मी ती मेथीची जुडी घ्यावी तशी घेते. आपल्याला कशाचीच किळस येत नाही असं मी चारचौघांत मोठ्या ऐटीत सांगत असे. दोन वर्षांपूर्वीच्या शिमग्यात ती ऐट उतरली. किळस आली ती माझ्या तीन सख्ख्या भावांची, भरल्या पानावर. आणि त्याच शिमग्यात आमची आय आमच्या हातून जवळजवळ गेली.

भाऊ तिघे. थोरला मुंबईत, मधला पुण्यात, धाकटा बंगळुरात. मी मधल्याच्या पाठची, गावातच दिलेली, सासर माहेरापासून चालत पंधरा मिनिटांवर. वडील होडीवर होते, लवकर गेले. आयने मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासळी घेऊन, पाटी डोक्यावर चढवून, दारोदार फिरून आम्हां चौघांना वाढवलं. आता सत्तरी ओलांडली तरी ती स्वस्थ बसत नाही. घरामागच्या उन्हात बोंबील, सुकट वाळवते, कावळे हाकलते आणि अख्ख्या आळीला शिव्या घालते. तिला कधी डॉक्टरकडे नेल्याचं मला आठवत नाही. सर्दीला आलं, पोटाला ओवा, बाकीच्याला "होईल बरा" हे तिचं औषध.

पूर्वी शिमग्याला भाऊ आले की भांडायचे ते पालखीला खांदा कोणी आधी दिला यावरून. पन्नाशी जवळ आली तशी भांडणाची जात बदलली. आता भांडण लागायचं ते कुठल्या शहरात माणूस जास्त धड राहतो यावर. थोरला म्हणायचा, मुंबईत माणूस चालतो, जिने चढतो, शिवाय समुद्राचा वारा असतो, धूर टिकत नाही. हे म्हणताना तो दर वाक्याला खोकायचा. त्याची खोली एका नाल्याच्या काठी आहे आणि तिथे खिडकी उघडली की जो काही वारा येतो तो समुद्रावरून खासच येत नाही. मधल्याचं म्हणणं, पुण्याची हवा कोरडी, अंगाला मानवणारी, आणि आमच्याकडे लोक सकाळी टेकडीवर जातात. हा स्वतः रविवारी टेकडीवर जातो आणि उतरल्या उतरल्या मिसळीवर ताव मारतो. धाकटा तर कोणाचं ऐकूनच घ्यायचा नाही. बंगळुरात म्हणे पंखासुद्धा लागत नाही. लागत नसेल. पण बारा बारा तास खुर्चीत बसून त्याच्या कमरेला पट्टा लागलाय, त्याचं काय?

धाकट्याच्या फोनवर हवेचे आकडे यायचे. जेवताना, चहा पिताना, पालखीची वाट बघताना तो तिन्ही शहरांचे आकडे मोठ्याने वाचायचा. मुंबईचा आकडा वाईट आला की थोरल्याचं तोंड उतरायचं. पुण्याचा आला की मधला म्हणायचा, बांधकामं चाललीत, तात्पुरतं आहे. प्रत्येकाच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. संध्याकाळी पावलांची बेरीज. धाकटा कमी पडला तर अंगणात हात हलवत येरझाऱ्या घालायचा आणि आय विचारायची, "ह्याला काय चावला?"

ते माझ्याकडे न्याय मागायचे, कारण मी 'लायनीतली'. मी काय सांगणार? शिमग्यात आणि मे महिन्यात आमच्याकडे चाकरमान्यांची रीघ लागते. आपल्या गावात, ओळखीच्या माणसाकडे तपासून घेतलेलं बरं, असं म्हणत सगळे येतात. मुंबई, पुणे, सुरत, सगळ्या शहरांचं रक्त माझ्या एका स्टँडमध्ये ओळीने उभं असतं. नळीकडे बघून शहर कळत नाही. कळतं ते एवढंच की कोण दिवसभर बसून असतो, कोण दिवसभर उभा असतो आणि कोणाला रात्रीची झोप मिळत नाही. मधल्याच्या सोसायटीचा वॉचमन आपल्याच जिल्ह्यातला, मंडणगडचा. एकदा तो माझ्याकडे तपासणीला आला होता. सोसायटीच्या फाटकात, भर रस्त्यावर, दिवसभर धुरात उभा राहणारा माणूस, दोन वाक्यं बोलला की धाप लागायची. मी मधल्याला म्हटलं, "तू सांगतोस त्या पुण्यात हा पण राहतो ना?" तर म्हणाला, "तो बिडी ओढतो गं." झालं, वॉचमन पुण्यातून वजा. भांडी घासायला येणारी वजा, गटार उपसणारा वजा. उरला कोण? आमचा मधला आणि त्याची टेकडी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

आणखी एक खोड या चाकरमान्यांची सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. शहरातून येताना हे लोक उरलेल्या गोळ्या घेऊन येतात. अर्ध्या खाल्लेल्या पट्ट्या, कसल्या कुणास ठाऊक. "गावी कुणाला तरी लागतील." आमच्याकडेही बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, तो भरलेलाच असतो. आळीतली बाई येते, विचारते, "मुंबयची गोळी हाय काय गो? गुडघ्याला?" इथल्या डॉक्टरची गोळी म्हणजे साधी. मुंबईची म्हणजे पावरची. मी किती वेळा तो डबा उकिरड्यावर ओतायला निघाले. आय आडवी यायची. पोरांनी आठवणीने आणलेलं टाकायचं कसं?

पोरांनी आणलेलं तिला टाकवत नाही, आणि त्यातही एकाचं घेतलं नि दुसऱ्याचं ठेवलं असं तर तिच्याच्याने होतच नाही. सुरमईचे तुकडे वाढताना ती ते हातावर तोलून बघते. तिघी सुना तीन साड्या आणतात, तर पालखी दारात येते त्या दिवशी ही तीनदा साडी बदलते. एक ओटी भरताना, एक पालखी नाचताना, एक जेवताना. लोक हसतात. ती म्हणते, हसू देत, माझ्या सुना हसल्या म्हणजे झालं.

तर त्या शिमग्यात भावांनी ठरवलं की आता तोंडी वाद पुरे, हातच्या कांकणाला आरसा कशाला, रक्तच बघू. सकाळी तिघे उपाशीपोटी केंद्रात येऊन ओळीने बसले. मी तिघांचं रक्त काढलं. निकाल काय लागणार? तिघांनाही साखर. तिघेही गोळ्या खाणारे. पण मधल्याची इतर दोघांपेक्षा थोडी कमी. घरी येऊन त्याने तिन्ही शहरांची नावं आणि खाली आकडे असा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला आणि पुणे जिंकलं म्हणून जाहीर केलं. जिंकल्याच्या आनंदात तिघे पुरणपोळीला बसले. चार चार पोळ्या, वर तुपाची धार. "आज चालतं." एकाने चालतं म्हटलं की दुसऱ्याला कमी खाऊन कसं चालेल?

आणि मग पानावरचं ते बोलणं. सकाळी कोणाला किती वेळात साफ होतं. कुठल्या शहरातल्या पाण्याने बांधून होतं आणि कुठल्याने सैल. थोरल्याने कफाचा रंग सांगितला, हिवाळ्यात असा, उन्हाळ्यात असा. तोंडात पोळी, बोटांवर तूप, हनुवटीवर दूध, आणि सांगताहेत काय तर हे. मध्येच एकाने ढेकर दिला तर धाकटा म्हणाला, "हा अ‍ॅसिडिटीचा, मुंबईचा." तिघे पोट धरधरून हसले. मी आयुष्यभर याच वस्तू हाताळत आले. पण माझ्याकडे येणारा माणूस भेदरलेला असतो, डबी पिशवीत लपवून आणतो. इथे तीन ढेरपोटे आपल्या आजाराची पिसं लावून नाचत होते. मला किळस आली. मी पान तसंच टाकून उठले.

स्वयंपाकघरात आय उभी होती. अजून जेवली नव्हती, शेवटचं पुरण वाटत होती. धाकट्याने आपलं साखर बघायचं यंत्र काढलं होतं. बायकांची झाली, मुलांची झाली, मग तो आत आला आणि "आये, बोट दे" म्हणून त्याने आयचं बोट ओढलं, टोचलं आणि थेंब पट्टीला लावला. त्या बोटाला गूळ होता. मला दिसत होता, नखाच्या कडेला चिकटलेला, पिवळा. आकडा आला भलामोठा.

बाहेर एकच गलका झाला. आणि इथे मला जे दिसलं ते मी विसरणार नाही. त्यांना वाईट वाटलं नाही. खरं सांगते, तिघांचे चेहरे उजळले. इतकी वर्षं मी त्यांना टोमणे मारत आले होते की आमच्या आयला बघा, कसला आजार नाही, गावात राहते म्हणून. आता तेही गेलं. थोरला टाळी देत म्हणाला, "घ्या! रत्नागिरी पण आली आमच्यात!"

मी म्हटलं, "तिच्या बोटाला गूळ आहे. हात धुवून परत करा."

"तायडे, हे यंत्र चुकत नाय," धाकटा म्हणाला.

"यंत्र नाही चुकत रे, बोट चुकतं. उद्या उपाशीपोटी मी तिचं रक्त काढते."

मधला म्हणाला, "तुला काय, घरबसल्या गिऱ्हाईक." परत सगळे हसले. माझं डोकं फिरलं. करा काय करायचं ते, असं म्हणून मी पाण्याची कळशी उचलून मागच्या दारी गेले. उद्या रक्त काढते म्हटलेलं मी काढलं नाही. पुढचे दोन दिवस मी त्या घरात पाय टाकला तो फक्त पालखीपुरता.

त्या दोन दिवसांत गोळ्यांचा घोळ झाला. तिघांनी आपापली साखरेची पट्टी आयला दिली. दिली तीसुद्धा एकमेकांच्या पाठीमागे. थोरला म्हणाला, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरची आहे, माझीच घे. मधला म्हणाला, त्याची घेऊ नको, त्याची साखर बघितलीस ना किती, माझी घे. धाकट्याने तर पट्टीवर पेनाने सूर्य काढून दिला, सकाळी घ्यायची म्हणून. आयने तिघांनाही मान डोलावली. शिमगा आटोपला, गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी केंद्रात होते तेव्हा माहेरच्या शेजारणीचा फोन आला. "तुझी आय उठत नाय गो. बघ ये."

घरामागे, वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी ती कुशीवर पडली होती. अंग घामाने निथळत होतं. डोळे अर्धे उघडे होते पण तिला मी दिसत नव्हते. काहीतरी बोलत होती, शब्द कळत नव्हते. कावळे अगदी जवळ येऊन मासळी उचलत होते आणि ती त्यांना हाकलत नव्हती. केंद्रातून आणलेल्या यंत्रावर मी तिचं बोट पुसून साखर बघितली. इतका खाली गेलेला आकडा मी जिवंत माणसात कधी बघितला नव्हता. शेजारणीने साखर आणली, मी चिमूट चिमूट तिच्या गालाच्या आत चोळली. ती दातांनी माझं बोट चावत होती. रिक्षात मी तिला मांडीवर घेतलं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक.

ग्लुकोज चढवल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं होतं? शेजारीण घरी जाऊन उशाखालच्या तीन पट्ट्या घेऊन आली. प्रत्येकीतली एक एक गोळी कमी. डॉक्टरांनी तिन्ही उलटसुलट करून बघितल्या.

"नावं तीन आहेत, औषध एकच आहे. तिप्पट झालं. तेही उपाशीपोटी. आणि यांना साखर आहे असं सांगितलं कोणी?"

त्यांनी आयचं रक्त मागितलं तेव्हा मीच म्हटलं, मी काढते. पंचवीस वर्षं अख्ख्या गावाचं रक्त काढलं, आयचं पहिल्यांदा काढत होते. शीर बारीक होती, पाटी उचलून उचलून दंड दोरखंडासारखा. गेल्या तीन महिन्यांत साखर कशी होती ते सांगणारी तपासणी असते, तीही केली. आयला साखर नव्हती. कधीच नव्हती.

गोळीचा अंमल लगेच उतरत नाही, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, उद्यापर्यंत सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी भावांना फोन लावले. थोरल्याने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणाच्या गोळीनं झालं?" मधला म्हणाला, "माझी तर अगदी हलकी असते गं, दादाची असेल." धाकटा म्हणाला, त्या पट्ट्यांचा फोटो पाठव. मग तिघे एकत्र फोनवर आले आणि सुरू झाले. मुंबईला हलवा, तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत. मुंबईला नको, पुणं जवळ पडतं, घाट चढला की आलंच. विमानाने बंगळुरू. कुठल्या शहरातलं हॉस्पिटल बरं, यावर त्यांची जुंपली. ती कशी आहे, डोळे उघडले का, हे कोणी विचारलं नाही. फोन कानाला लावून मी वॉर्डात उभी होते आणि मला पुन्हा तीच दुधाची हनुवटी, तीच तुपाची बोटं दिसायला लागली. मी जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. तुमच्या शहरांना आग लावा, तुम्ही आयला मारायला निघालात, तुमच्या रक्तात साखर नाही, घाण आहे. असं बरंच. मग थोरला रडायला लागला. पन्नाशीचा बाप्या, फोनवर हमसून हमसून.

त्याच दिवशी तिघे निघाले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. आतापर्यंत टाळली, कारण ती सांगताना मलाच माझी किळस येते. भाऊ गेले त्या संध्याकाळी मी माहेरी गेले होते, पुरणाचं, दोन दिवस भिजत पडलेलं मोठं पातेलं घासायला. करपलेलं बूड निघत नव्हतं आणि मी भावांच्या नावाने ते खरवडत होते. आय तीन पट्ट्या घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "यातली कुठली घेव गो?" मला वर बघायचीही इच्छा नव्हती. मी म्हटलं, "घे तिन्ही. एकाची घेतलीस तर दोघे रुसतील ना तुझे." आणि पातेलं मोरीत आपटलं. ती बरं म्हणाली आणि गेली. मी टोमणा मारला होता. तिला कुठे कळणार? तिच्या लेखी गावातली सगळ्यात जाणकार मी होते, रक्त तपासणारी. आणि तिन्ही घे हे तिला हवं होतं तेच उत्तर होतं. बोटाला गूळ होता हे मला माहीत होतं, तिला साखर नसणार हेही मला माहीत होतं, आणि तरी माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघे वॉर्डात हजर झाले. आय उठून बसली होती. बोलत होती, सगळ्यांना ओळखत होती, पेजेत मीठ नाही म्हणून कुरकुरत होती. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. भाऊ तिच्या पायाशी उभे होते, कोणाच्याही मनगटावर घड्याळ नव्हतं. थोरल्याने तिचे पाय धरले.

"आये, आम्ही आपापली दिली ती आमची चूक. पन तिन्ही एकदम घेयाला तुला सांगितला कुनी?"

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले. आयने माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मग ती थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "कुनी सांगेल रे? माज्या मनान घेतली. ही बिचारी तर नको नको म्हनत होती."

मला तेव्हा बोलता आलं असतं. मधला वळून माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत पाणी होतं, म्हणाला, "तू सांगत होतीस, आम्ही ऐकलं नाही." मी मान डोलावली. तिने तिघांचं मन राखलं तसंच चौथ्या लेकराचंही राखलं आणि मी ते निमूटपणे घेतलं.

दोन शिमगे झाले. भाऊ येतात. शहरांचा विषय कोणी काढत नाही, पुरणपोळी अर्धी खातात, गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतः नेऊन टाकला. माझ्यासमोर अजून मान खाली घालून बसतात. आणि मी त्यांना तसं बसू देते.